अळणी मीठ

मित्रांनो, बसा. पण जरा लांब, त्या दाराशी बसा. कुणी जवळ यावं म्हणून मी चाळीस वर्षं जीव टाकला, आणि आज मीच तुम्हाला लांब बसवते आहे. का, ते सांगते.

मी एक जुनी डांगरी आहे. डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकाच तुकड्यात शिवलेला, इंजिनावर काम करणाऱ्यांचा जाड कपडा. शर्टही मीच आणि पँटही मीच, म्हणून मला थोडी ऐट आहे, ती चालवून घ्या. माझा रंग निळा. आता मी एकात एक अशा दोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद आहे. पनवेलच्या खांदा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, दिवाणाशेजारच्या लोखंडी ट्रंकेत. सोमवारी मला न्यायला गाडी येणार आहे. त्याआधी एकदा सगळं बोलून टाकते.

माझा जन्म मुंबईतल्या एका शिंप्याच्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर दीडशे डांगऱ्या शिवल्या गेल्या आणि आम्ही सगळ्या नौदलाच्या भांडारात गेलो. तिथून मी झकेरियाच्या वाट्याला आले. मी त्याला अरे-तुरे करते, रागावू नका. सात वर्षं अंगाला अंग लावून काढली आहेत आम्ही. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पनवेलच्या मोहल्ल्यातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणारे. त्याने ब्रश घेऊन माझ्या खिशावर पांढऱ्या रंगाने आपलं नाव आणि नंबर लिहिला. 'रि'ची वेलांटी जरा वाकडी आली. "जाऊ दे, जहाजही कधीकधी वाकडं चालतं," असं म्हणून तो हसला, आणि त्या दिवसापासून मी त्याची झाले.

त्याची नोकरी वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेच्या बॉयलरखोलीत होती. अरे बापरे, काय ती उष्णता! वर समुद्राचा वारा सुटलेला असायचा, आणि आम्ही खाली घामाने निथळत असायचो. त्या खोलीभर वाफेचे पाइप होते आणि प्रत्येक पाइपाला पांढऱ्या जाड कापडाचं आणि दोरीचं वेष्टण होतं. ते होतं ॲस्बेस्टॉस. आग त्याला जाळत नाही, म्हणून सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक! पाइप गळायला लागला की झकेरिया आणि त्याचा दोस्त आनंदा चाकूने ते वेष्टण सोलून काढायचे. जुनं वेष्टण भुसभुशीत व्हायचं, त्याचा भुगा खाली पडायचा. आमच्या डोक्यावर, खांद्यांवर, खिशांत. नवीन लावायचं तर त्याचा लगदा पाणी घालून हातांनी मळायचा, भाकरीचं पीठ मळतात तसा. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. कुणी सांगितलंच नव्हतं. आनंदा त्या लगद्याचे गोळे करून झकेरियाच्या पाठीवर मारायचा आणि ओरडायचा, "ए झक्या, काश्मीर बघ काश्मीर! फुकटात!" आणि मग दोघं लहान पोरांसारखे खेळायचे. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्या डांगरीने काम केलंय." मी त्या दिवशी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशाकडे बघितलंसुद्धा नाही.

जहाज मुंबईला बंदरात लागलं की झकेरिया शनिवारी एसटी धरून पनवेलला यायचा, आणि पिशवीत आम्ही मळकट डांगऱ्या असायचो. जहाजावर कपडे धुवायची सोय होती, हो. पण सफूराला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती पसंत नव्हती. "त्यांच्या सोड्याने तुमची मान सोलवटते. कपडे घरी आणायचे," असा तिचा हुकूम होता. तेव्हा ते मोहल्ल्यात बैठ्या घरात राहायचे. तो घरात शिरायचा, ती आधी त्याच्याकडे बघायची, मग पिशवी ओढून घ्यायची, आणि अंगणात उभी राहून मला दोन्ही खांद्यांना धरून फटाफट झटकायची. उन्हात पांढरा भुगा उडायचा.

पहिल्यांदा तिने मला झटकलं तेव्हा ती म्हणाली, "बाई गं! किती मीठ साचलंय! दर्याचं सगळं मीठ तुम्ही अंगावरच आणता का?"

तिला ते मीठ वाटलं, मित्रांनो. आणि का वाटू नये? तिचे वडील, तिचे भाऊ मासेमारीच्या मचव्यांवर जायचे. त्यांचे कपडे वाळले की त्यावर पांढरे डाग यायचे, ते मीठच असायचं. लहानपणापासून तिने तेच झटकलं होतं. झकेरिया दाराशी चहा पीत बसला होता. सफूराने माझ्या खिशातला भुगा बोटावर घेतला, जिभेला लावला आणि नाक मुरडलं.

"इश्श! हे तर अळणी आहे. तुमचा दर्या अळणी आहे!"

तो इतका हसला की चहा सांडला. तेव्हापासून ती त्यांची थट्टाच होऊन बसली. तो आला की ती विचारायची, "आणलंत का अळणी मीठ?" आणि तो म्हणायचा, "आणलंय, भरून ठेव बरणीत." ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी किती वेळा त्या हसण्याच्या मधोमध, तिच्या हातांत होते! आज वाटतं, त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण मलाही कुठे काय माहीत होतं?

आता एक गोष्ट सांगते, जी झकेरियालासुद्धा माहीत नव्हती.

तो जहाजावर जायचा तो दोन-दोन, तीन-तीन महिने. त्याच्या डांगऱ्या तीन. दोन धुऊन, घडी करून ती त्याच्या पिशवीत भरायची. तिसरी घरी राहायची, आणि बहुतेक वेळा ती मी असायचे, कारण माझ्यावर नाव होतं. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत सफूरा दारात उभी राहायची. मग आत येऊन मला खुंटीवरून काढायची. मला ती मुद्दाम धुवायचीच नाही. मला घामाचा, तेलाचा आणि त्याच्या मानेचा वास होता. ती मला उशाशी घ्यायची. माझ्या छातीत तोंड खुपसून श्वास घ्यायची, खोल, परत परत. कधी रडायची, कधी त्याच्याशी बोलावं तशी माझ्याशी बोलायची, "बोटीवर गेले की तिकडचेच होतात. एक पत्र टाकवत नाही ह्यांना."

तो घरी असताना ती 'बोट' म्हणाली की तो लगेच टोकायचा, "बोट नाही गं, जहाज! बोट म्हणजे ती मासेवाल्यांची." आणि ती मुद्दाम परत 'बोट' म्हणायची. पन्नास वर्षांच्या संसारात तिने एकदाही 'जहाज' म्हटलं नाही.

त्यांची मुलगी रिदा झाली तेव्हा तो दूर समुद्रात होता. पोर रडायला लागली की सफूरा मला पसरायची आणि तिला माझ्यावर निजवायची. "बापाच्या वासात गप्प राहते," असं शेजारणींना सांगायची. ते इवलंसं गरम अंग, ते माझ्या बटणाशी खेळणारं बोट... मित्रांनो, कपड्याच्या जन्माला येऊन याहून मोठं सुख नाही. मी तेव्हा सुखाने वेडी झाले होते.

मग झकेरिया नोकरी संपवून कायमचा घरी आला. त्याने पाण्याचे पंप दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. सफूराने मला त्या दिवशी घडी करून ट्रंकेत ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकून. "आता माणूसच आलं घरी, तुझं काय काम?" असं म्हणाली आणि माझ्यावरून हात फिरवला. धुतलं मात्र नाही. धुवायला तिचं मन झालं नाही.

त्यानंतर चाळीस वर्षं मी अंधारात होते. राग आला होता मला, खोटं नाही सांगत. आत पडल्या पडल्या मी आवाज ऐकायचे. रिदाचं लग्न झालं. बैठं घर जाऊन हा फ्लॅट आला. रिदाची मुलगी माहनूर कॉलेजसाठी नाना-नानीकडे राहायला आली. मला कधीतरी बाहेर काढतील, पुन्हा एकदा कुणी तोंड खुपसेल, एवढीच माझी आस होती.

आणि दोन वर्षांपूर्वी झकेरियाचा खोकला ऐकू यायला लागला.

आधी तो जिना चढून आला की बसायचा. मग बसल्या बसल्या धाप लागायला लागली. कुणी म्हणालं वय झालं, कुणी सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या. ज्याला त्याला एकच प्रश्न, "विडी-सिगारेट किती ओढायचात?" माझ्या झकेरियाने आयुष्यात विडी ओढली नाही हो! आनंदा ओढायचा. आनंदा असाच धापा टाकत गेला, तेव्हा सगळे म्हणाले, विडीने खाल्लं. तिथेच विषय संपला होता.

शेवटी छातीत पाणी भरलं तेव्हा त्याला डॉक्टर आभाकडे नेलं. तिने पाणी काढलं, छातीतला छोटा तुकडा तपासायला पाठवला, आणि विडीचं न विचारता विचारलं, "काका, तरुणपणी काम काय करायचात?" फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, असं तिने सांगितलं. ॲस्बेस्टॉसचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. श्वासातून आत जातात, ते बाहेर येत नाहीत. तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात आणि मग उठतात. हे सगळं माहनूरने घरी येऊन रिदाला फोनवर सांगितलं, आणि मी ट्रंकेत ऐकलं. माझ्या शिवणीशिवणीत काय भरलंय ते मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी प्रश्नांचा एक कागद दिला होता, घरी भरून आणायला. दुसऱ्या दिवशी सकाळी माहनूर तो घेऊन नेमकी ट्रंकेवर बसली. झकेरिया दिवाणावर, नाकाला ऑक्सिजनची नळी. सफूरा स्वयंपाकघरात तांदळाची उकड मळत होती.

"नाना, पुढचा प्रश्न. कामाचे कपडे कुठे धुतले जायचे?"

झकेरियाने कूस बदलली, दिवाण करकरला. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"नाना?"

"जहाजावर. धोबी होता."

"पक्कं?"

"लिही ना गं. नेव्हीत सगळं असतं."

मी थक्क झाले. हा खोटं बोलत होता! तोवर सफूरा बाहेर आली. तिच्या पावलांवरून कळलं, तणतणत आली.

"काही धोबीबिबी नको लिहूस. मी धुवायचे."

"सफूरा, तू आत जा."

"का जाऊ? आणि धुवायच्या आधी अंगणात झटकायचे, तेही लिही. पांढरा भुगा उडायचा. मी त्याला मीठ समजायचे." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो... ते हेच होतं का?"

झकेरिया रडायला लागला. त्याचं रडणं मी सात वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. एका वेळी तीन-चार शब्दांपुरताच श्वास होता त्याच्याकडे.

"माझं मला होऊ दे. मला चालेल. पण तुला मीच आणून दिलं ते. दर शनिवारी. हसत हसत. ते कागदावर नको लिहायला, माहनूर. लिहिलं की खरं होईल."

"वा रे वा!" सफूरा म्हणाली. "म्हणजे तुम्हाला कळायला नको म्हणून मी छाती तपासायची नाही? आणि रिदा? तिला तर मी त्याच्यावर निजवलंय!"

"कशावर?"

सफूरा दिवाणाच्या कडेला टेकली. मग तिने ती गोष्ट सांगितली, जी तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. उशाशी घ्यायची, श्वास भरून घ्यायची, धुवायची नाही, सगळं.

"तुम्ही बोटीवर गेलात की मला झोप यायची नाही हो."

"जहाज," तो पुटपुटला. सवयीने.

"ती अजून आहे," सफूरा म्हणाली. "ह्या ट्रंकेत."

माहनूर चटका बसावा तशी उठली. सफूरा कडीला हात घालायला वाकली, तर पोरीने तिला कवेत धरून मागे ओढलं. "नाही नानी! उघडायची नाही! कागदावर लिहिलंय, जुने कपडे असतील तर हात लावू नका, झटकू नका!"

चाळीस वर्षं ज्या हातांची वाट पाहिली ते कडीपर्यंत आले होते. आणि मित्रांनो, मी मनात म्हणत होते, नको उघडू. सफूरा, नको.

दोघींची छाती तपासायला घेतली. ते आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. झकेरिया स्वतःच्या औषधांचं विचारायचासुद्धा नाही, फक्त "आला का रिपोर्ट? आला का?" रिदाची छाती स्वच्छ निघाली. सफूराच्या फुप्फुसाच्या आवरणावर जुने घट्ट चट्टे निघाले. आजार नव्हता, पण दर वर्षी न चुकता तपासायचं, असं डॉक्टर आभा म्हणाली. झकेरियाने "अल्हमदुलिल्लाह" म्हटलं, आणि त्या दुपारी तो चार तास शांत झोपला.

मला त्याच आठवड्यात पिशव्यांत घातलं. माहनूरने मास्क लावला, हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर पाठवलं. मला पाणी शिंपडून ओलं केलं आणि न झटकता, अलगद बंद केलं. मग बाहेरून पुसून झकेरियासमोर धरलं. त्याने प्लास्टिकमधून खिशावरचं नाव वाचलं. वेलांटीवर बोट ठेवलं.

"बघा," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा धडधाकट आहे अजून."

त्यानंतर त्याने एक काम अंगावर घेतलं. बॉयलरखोलीतल्या जुन्या सोबत्यांचे नंबर माहनूरकडून शोधून घेतले आणि रोज एकाला फोन. रोज एकच, कारण श्वास तेवढाच होता. "उदयसिंह? मी झक्या. हां, आहे अजून. तुझ्या घरी कपडे कोण धुवायचं? ... वहिनी? मग ऐक. आधी तुझी छाती, मग वहिनींची. विडीचं नाव सांगून घरी पाठवतील, येऊ नको. बॉयलरखोली सांग." कुणाच्या घरी बायकोनेच फोन उचलला, नवरा कधीच गेला होता, धाप लागून. तेव्हा तो बराच वेळ फोन हातात धरून बसायचा. सोळा फोन झाले. सतराव्या दिवशी सकाळी झकेरिया गेला. पनवेलच्या कब्रस्तानात, त्याच्या वडिलांच्या शेजारी त्याला ठेवलं.

सफूराने इद्दतचे, म्हणजे विधवेने घरात राहून पाळायच्या दुखवट्याचे, चार महिने दहा दिवस काढले. ते संपले तसे गेल्या आठवड्यात तिने त्याचे कपडे खैरातीसाठी काढले. आमच्यात गेलेल्या माणसाचे चांगले कपडे गरजूंना देतात. सदरे, पायजमे, एक कोट, सगळं दिवाणावर मांडलं. मलाही बाहेर काढून कोपऱ्यात ठेवलं होतं, घातक कचरा नेणाऱ्या गाडीवाल्यांसाठी. त्याच वेळी खाली इमारतीच्या गाडीतळाचे जुने सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचेच, पत्रे फोडायचं काम चालू होतं. तिथला जगन, उलव्याकडचा कामगार, प्यायचं पाणी मागायला वर आला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"चाची, ती निली डांगरी कोनाला द्याची हाय? आमाला द्या की. कामाव घालाला लय मजबूत हाय."

सांगू? माझं मन हललं. पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावर! पुन्हा घाम, पुन्हा ऊन! एक क्षण मला वाटलं, सफूरा, देऊन टाक गं मला.

"ती नाही द्यायची," सफूरा म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या केसांत, भुवयांवर, खांद्यांवर पांढरं होतं. "हे काय रे अंगावर?"

"पत्र्याची धूल हाय. काय नाय होत तिला."

"घरी कपडे कोण धुतं तुझे?"

"बायको. दुसरा कोन धुनार?"

"आधी झटकते?"

"हां, मंग! अंगनात."

सफूराने त्याला कोट दिला, दोन सदरे दिले आणि दारातच उभं करून सगळं सांगितलं. पत्रा फोडायचा नाही, ओला करून अख्खा उतरवायचा. तोंडाला चांगला मास्क. कामाचे कपडे कामावरच बदलायचे, ओले करून पिशवीत बांधायचे, घरी झटकायचे नाहीत, लेकराला त्या कपड्यांनी उचलायचं नाही. "तुला काय वाटतं, धूळ आहे? मला वाटायचं, मीठ आहे." जगनने आधी हसत, मग न हसता ऐकलं. ती त्याच्याबरोबर खाली उतरली आणि ठेकेदाराशी असं भांडली, असं भांडली, की काम थांबलं. पाण्याचा पाइप लागला, मास्क आले, मगच पुढचा पत्रा हलला. वर येऊन ती धापा टाकत बसली, तेव्हा माझा जीव वरखाली झाला. पण तो जिन्याचा दम होता, लगेच ओसरला.

आज दुपारी माहनूर कॉलेजात गेली होती. सफूरा ट्रंकेपाशी येऊन जमिनीवर बसली. ट्रंक उघडून माझी पिशवी मांडीवर घेतली. प्लास्टिकवरून, जिथे खिसा आहे तिथे हात ठेवला. मला तिची ऊब लागली. तिचं तोंड खाली वाकलं, अगदी जवळ आलं, आणि मी, जिने चाळीस वर्षं फक्त ह्याचीच वाट पाहिली, ती मी आतून आकांत करत होते: चिकटपट्टी काढू नको. श्वास घेऊ नको माझ्यात. मला सोड.

तिने काढली नाही. फक्त म्हणाली, "बोटीवर गेलेत ते."

आणि थोडा वेळ थांबली, कुणीतरी टोकेल म्हणून.

मित्रांनो, सोमवारी मी जाईन आणि खोल खड्ड्यात पुरली जाईन. तेच बरं आहे. तुमच्या घरी कुणी कामावरून पांढरं होऊन येत असेल, बोटीवरून, कारखान्यातून, बांधकामावरून, तर धावत जाऊन बिलगायच्या आधी एकदा विचारा, हे अंगावर काय आहे. त्यांना अंघोळ करू द्या, मग खुशाल बिलगा, घट्ट बिलगा. माझ्यात हा भुगा नसता, तर सफूरा आज मला जवळ घेऊन रडू शकली असती.